शेवटच्या माणसाचा शब्द

"किती?" काशिदनं विचारलं.

ताणकाट्याच्या आकड्याला माझी सॅक लटकत होती आणि काटा हातात धरून मी उभा होतो. काटा अकरा आणि बाराच्या मध्ये कुठेतरी हलत होता.

"साडेअकरा धर."

"धर काय? कागद करणारा माणूस तू. नीट सांग की."

"द्या इकडं, काका." उल्कानं माझ्या हातून काटा घेतला, एका हातानं उंच धरला आणि तो लगेच स्थिर झाला. "अकरा चारशे. काशिदकाका, तुमची अकरा सातशे होती. माझी बारा. लिहा."

मी लिहिलं. फेब्रुवारीतली सकाळ होती, सहा वाजले होते, आणि आम्ही तिघं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उभे होतो. प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाच-पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन, वर एक घोंगडी. तीन फेऱ्या करायच्या. वर पोचलं की पाणी तिथल्या रोपांना घालायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार नाही. खाली येऊन कॅन पुन्हा भरायचे आणि पुन्हा वर. गडावर रोज फिरायला येणारी निम्मी माणसं तेव्हा हातात बाटली घेऊनच चढायची, त्यामुळे आमच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. पण आमचं पाणी रोपांसाठी नव्हतं. ते किलिमांजारोसाठी होतं.

आता लिहितानाही हा शब्द मला थोडा लाजवतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. दत्ता काशिद माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. वीज मंडळात लाइनमन होता आणि आयुष्यभर खांबांवर चढला होता. उल्का भोईटे शाळेत खेळ शिकवायची, पंचेचाळीसची असेल. गड चढणाऱ्या आमच्या गटात एके काळी चौदा जण होते. कुणाची कंबर गेली, कुणी मुलांकडे पुण्याला गेलं, उरलो आम्ही तिघं.

ज्वालामुखीचं खूळ माझ्यामुळे काशिदच्या डोक्यात शिरलं होतं. कुठल्याशा कड्याखाली डबे खात बसलो असताना मी सहज म्हणालो की हा सगळा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, थरावर थर.

"मग त्याचं तोंड कुठाय?" काशिदनं विचारलं.

"आपल्याकडे तोंड नाही. जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून तो वाहिला."

काशिदनं तोंडातला घास चावून संपवला. "म्हणजे तीस वर्षं आपण नुसतं सांडलेलं चढलो," तो म्हणाला. "एकदा जिथनं निघतंय तिथं गेलं पायजे."

मी ग्रंथालयातून नकाशांचं पुस्तक आणलं. त्याला अनेक पर्वत दाखवले. त्यानं किलिमांजारोवर बोट ठेवलं, कारण तिथे दोरखंड न लावता पायांनी चालत ज्वालामुखीच्या काठापर्यंत जाता येतं. त्या दिवसापासून माझी हिरवी फाइल सुरू झाली. आठ दिवसांचा मार्ग, रोजची उंची, कुठे मुक्काम, कुठे उंच चढून पुन्हा खाली येऊन झोपायचं, म्हणजे विरळ हवेची सवय होते. काशिद ओझं हमालाला द्यायला तयार नव्हता. "गाईड घ्यावाच लागतो म्हणतोस तर घेऊ. पण माझी सॅक माझ्या पाठीवर." म्हणून हा पाण्याचा सराव.

तिथले गाईड चढताना सारखं "पोले पोले" म्हणतात, म्हणजे हळूहळू, हे मी वाचून सांगितलं तेव्हा तो खूष झाला. "हे बघ, मी नोकरीभर पोलच केले. मला कोण शिकवतंय!"

पहिली फेरी बरी गेली. उल्का पुढे, मध्ये काशिद, शेवटी मी. हा क्रम वर्षानुवर्षांचा. कागद करणारा माणूस शेवटी चालतो, कारण सगळं त्याच्या समोर राहतं. आणि शेवटच्या माणसाला आमच्यात एक अधिकार होता. तो "वळा" म्हणाला की सगळ्यांनी वळायचं आणि "का" विचारायचं नाही.

हा नियम काशिदनंच केलेला. फार पूर्वी चंदनगडाच्या वाटेवर शेवटी चालणारे आमचे एक मास्तर वळा म्हणाले. सगळ्यांनी त्यांना घेरलं. का, काय झालं, पाय मुरगळला का, अजून तर अर्धा तास आहे. मास्तर काही बोलेनात. त्यांचं पोट बिघडलं होतं आणि बरोबर बायका होत्या. पाव तास त्यांची उलटतपासणी चालली आणि शेवटी जे व्हायचं ते झालं. मास्तर पुन्हा कधी आले नाहीत. त्या दिवशी खाली उतरल्यावर काशिद म्हणाला, "इथनं पुढं का विचारणाऱ्याला गटात जागा न्हाई."

त्यानंतर बावीस वर्षं शेवटी मीच होतो आणि वळा कधी म्हणालो नव्हतो. म्हणण्याचं धैर्य माझ्यात असेल असं कुणाला वाटतही नसावं.

दुसऱ्या फेरीत काशिद पहिल्यांदा थांबला. वळणावर वाकून बुटाची लेस बांधू लागला. नवे बूट होते, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. मी पोचेपर्यंत तो उठला आणि चालू लागला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मला काही वाटलं नाही. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा मात्र वाटलं, कारण त्या लेसला मीच सकाळी दोन गाठी मारल्या होत्या. त्याला नव्या बुटांचे लेस अडकवायचे आकडे जमत नव्हते, आणि मी पुस्तकात पाहून शिकलो होतो. त्या गाठी सुटणाऱ्या नव्हत्या.

वर पोचलो. मोबाइलच्या मनोऱ्याच्या अलीकडे रोपांची रांग होती. काशिदचं आवळ्याचं, माझं पिंपरणीचं. त्यानं आपले कॅन आवळ्याला ओतले, उरलेलं माझ्या पिंपरणीला घातलं. उल्का आधीच उतरायला लागली होती.

"काका, चला! दोन म्हातारे इथंच बसणार की काय?"

"तू हो पुढं, भवाने," काशिद ओरडला. "आमचं पोले पोले चालू दे."

त्याच्या कपाळावर घाम होता. माझ्याही असेल, पण मी त्याचा पाहिला.

तिसऱ्या फेरीत मी मोजू लागलो. मोजणं मला जमतं. पायथ्यापासून अर्ध्या वाटेपर्यंत चार वेळा. मग दर वळणाला. प्रत्येक वेळी वाकायचा, लेसशी खेळायचा, पाठ माझ्याकडे, मान खाली. मी वाचलं होतं की दम लागलेली माणसं पुष्कळ युक्त्या करतात. फोटो काढतात, पक्षी दाखवतात. काशिद कधी खोटं बोलायचा नाही, आणि म्हणून त्याचं खोटं इतकं साधं होतं. सव्वातीन हजार फुटांच्या टेकडीवर याची ही गत, मग एकोणीस हजार फुटांवर काय होईल? तिथली शेवटची चढण राखेची आहे. दोन पावलं वर, एक खाली. मी फाइलमध्ये तिथे लाल शाईनं रेघ मारली होती.

नवव्यांदा तो वाकला तेव्हा पहिला दरवाजा समोर दिसत होता. उल्का दरवाज्यात उभी राहून पाणी पीत होती.

"वळा," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. काशिद वाकलेलाच राहिला. मग सावकाश सरळ झाला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी नंतर पुष्कळदा लावायचा प्रयत्न केला.

"वळा म्हणालास?"

"हो."

"उल्का!" त्यानं हाक मारली. "खाली ये. वळायचं."

ती धावतच आली. "काय झालं? दरवाजा तर इथं आहे. काय..."

"उल्का." एवढंच तो म्हणाला. ती गप्प झाली, पण तिचा चेहरा लाल झाला.

"पाणी इथंच ओतू, झाडोऱ्याला," काशिद म्हणाला. "ओझं घेऊन कशाला उतरायचं." आणि मी पट्टे सोडायच्या आत त्यानं माझ्या पाठीवरची सॅक उचलून घेतली. "जड आहे लेका," म्हणाला, आणि दोन्ही सॅक घेऊन घाणेरीच्या जाळीमागे गेला. रिकाम्या करून आणल्या.

खाली टपरीवर चहा घेतला. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर पुन्हा सांगता येणार नाही. कपाकडे बघत मी म्हणालो, "सप्टेंबरचं रद्द करू. किलिमांजारो नको."

"काय?" उल्कानं कप आपटला. "नऊ महिने चाललंय हे! मी रजा मंजूर करून घेतली. तुम्ही रोज उठून मेल पाठवताय, आणि आज..."

"शेवटचा म्हणून सांगतोय," मी म्हणालो.

"गडावरचं वेगळं, काका. हे टपरीवर बसून नाही चालत. कारण सांगा."

काशिद चहात बिस्किट बुडवत होता. ते तुटून कपात पडलं. त्यानं ते चमच्यानं काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसाच कप खाली ठेवला.

"का विचारायचं न्हाई, उल्का."

"पण काशिदकाका, तोंड तुम्हाला बघायचं होतं ना? मला नाही!"

"ठीक आहे," तो म्हणाला. तिला की मला, कळलं नाही. उठला, सॅक खांद्याला लावली आणि घराकडे चालू लागला. बाजारपेठेच्या उतारावर तो दिसेनासा होईपर्यंत मी पाहत होतो. एकदाही वाकला नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, उतारावर कुणाला दम लागतो?

चार दिवस गेले. मी फाइल कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, मग काढली, मग पुन्हा ठेवली. मी मित्राचा जीव वाचवला असं मनाशी म्हणून बघायचो. म्हणता यायचं, पण दुसऱ्यांदा म्हणताना आवाज बारीक व्हायचा.

पाचव्या दिवशी दुपारी शालनवहिनी आल्या, काशिदची बायको. त्या एकट्या आमच्याकडे कधी येत नसत. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि पिशवीतून एक मोठं पाकीट काढलं.

"भाऊजी, तुम्ही ह्यांना काय बोललात?"

"काही नाही, वहिनी."

"मग घरात बोलत का नाहीत? जेवतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. मी म्हटलं, कुठं दुखतंय का? तर नाही म्हणाले. मी ऐकते होय? धरून दवाखान्यात नेलं. पट्ट्यावर पळवलं त्यांना, तारा लावून." त्यांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "डॉक्टर म्हणाले, चाळिशीतल्या माणसाचं हृदय आहे. तुम्हाला वाचता येतं, तुम्हीच बघा."

मी पाहिलं. मला त्यातलं सगळं कळत होतं असं नाही, पण शेवटची ओळ इंग्रजीत स्पष्ट होती. कुठेही काही नव्हतं.

"पण वहिनी, त्याला दम लागत होता," मी म्हणालो. "गडावर. नऊ वेळा थांबला. लेस बांधायचं निमित्त करून."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं त्या रडतायत, पण तसं नव्हतं. त्या हसू दाबत होत्या, आणि ते त्यांना पुरतं जमत नव्हतं.

"अहो, ते तुमच्यासाठी थांबत होते."

मी कागद पुन्हा पाकिटात घालू लागलो.

"मला त्याच दिवशी सकाळी निघताना म्हणाले होते, सदाची छाती हल्ली भात्यासारखी वाजते. थांबून वळून बघितलं तर त्याला लाज वाटते, मग तो आणखीनच भरभर चालतो. म्हणून मी आपलं बुटाशी खेळत बसतो. येतो तो तवर." त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. लिहायची टाळली असंच म्हणायला हवं. दुसऱ्या फेरीत, दोघं वळणाआड गेल्यावर, मी सॅक उतरवली होती आणि एक कॅन अर्धा ओतून टाकला होता. तिसऱ्या फेरीत दोन्ही ओतले. पूर्ण. शेवटच्या माणसाकडे कुणी बघत नाही. पाण्याचा ओघळ वाटेवरून खाली गेला आणि मी त्यावर पायानं माती ढकलली. घोंगडी आणि दोन रिकामे कॅन घेऊन मी काशिदची वळणं मोजत होतो.

काशिदला ते कळलं होतं. म्हणूनच दुसऱ्या फेरीला त्यानं आपलं पाणी माझ्या पिंपरणीला घातलं होतं. आणि मी वळा म्हणाल्यावर उल्काचा हात पोचायच्या आत माझी सॅक उचलून, ती जड आहे असं तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणून, तो जाळीमागे गेला होता. तिथे त्यानं माझ्या सॅकमधून काय ओतलं असेल?

वहिनींना हे ठाऊक नव्हतं. त्यानं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी पायथ्याशी पोचलो. दोन्ही कॅन काठोकाठ भरलेले. काशिदच्याही पाठीवर सॅक होती; तो रोजच यायचा. मला पाहून त्यानं मान हलवली, जणू मधले दिवस गेलेच नव्हते.

मी खिशातून नवीन कागद काढला. त्यावर सगळं तेच होतं, आठ दिवस, रोजच्या उंच्या. फक्त नावं दोन होती. काशिद, भोईटे.

"हे काय?"

"तुम्ही दोघं जा. टपरीवर मी जे म्हणालो ते... ते मी तुझ्यासाठी म्हणालो असं मला वाटत होतं. पण ते तसं नव्हतं. दत्ता, त्या दिवशी माझ्या कॅनमध्ये..."

"सदा." त्यानं हात वर केला. "का सांगायचं न्हाई."

"नियम न विचारण्याचा आहे. न सांगण्याचा नाही."

"एकच ते. एकदा कारण ऐकलं की पुढच्या वेळी ऐकावंसं वाटतं." त्यानं कागद घडी करून परत माझ्या खिशात घातला. "उल्काला दे. ती जाईल. ती पळत जाईल आणि पळत येईल."

"आणि तू?"

"मागं कोण चालणार?"

"तिथला गाईड असतो शेवटी. अनुभवी असतात."

"असतील. पण मी त्या काठावर उभा राहिलो, खाली बघितलं, आणि हे काय, ते काय, कधीचं, कसं झालं, हे कुणाला विचारू? उल्काला? ती म्हणंल, काका, फोटो काढा." तो हसला, पण मग हसू गेलं. "मला बघायचं होतं रे. लई बघायचं होतं. आता जाऊ दे."

तो गेला नाही. सप्टेंबरात उल्का एकटी माझी फाइल घेऊन गेली, काठावर पोचली, आणि तिनं विवराचा फोटो मोठा करून आणून दिला. काशिदनं तो गॅलरीत लावला होता. पुढच्या वर्षी वहिनींचं ऑपरेशन निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या हृदयात दोन जाळ्या बसवल्या, आणि नंतर तो विषयच निघेनासा झाला. काशिद गेल्या चैत्रात गेला, झोपेतच. बूट काय करायचे म्हणून वहिनींनी मला विचारलं. मी घेऊन आलो. ते माझ्या मापाचे नाहीत.

पण त्या सकाळी आम्ही चढायला लागलो. तो पुढे, मी मागे. माझ्या पाठीवर अकरा किलो होते, या वेळी खरे. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यापर्यंत माझ्या कानात आवाज सुरू झाला. छातीतला आवाज मला स्वतःला ऐकू येत होता, तर त्याला किती दिवस ऐकू येत असेल? तिसऱ्या वळणावर तो वाकला आणि लेसला हात घातला.

मी उभा राहिलो. माझ्या आणि त्याच्यामध्ये वीसेक पावलं असतील.

"दत्ता, लेस सोड," मी म्हणालो. "थांब. मला दम लागलाय."

तो सरळ झाला. वळला, आणि त्या वाटेवर बहुधा पहिल्यांदाच माझ्याकडे उघड बघत राहिला. मग शेजारच्या दगडावर बसला, सॅक उतरवून पायाशी ठेवली.

"आता म्हणतोस होय रे?" तो म्हणाला, आणि दगडावर माझ्यासाठी बाजूला सरकला.